गव्हाचं पीठ, सोड्याची पुडी आणि उतरलेलं फॅट

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही सिन्नर तालुक्यातले. सहा एचएफ संकरित गाई आहेत. मिस्टर मुसळगावच्या एमआयडीसीत कामाला जातात, गोठ्याचं मी आणि सासूबाई बघतो. मार्चच्या अवकाळीत निफाडकडच्या पाहुण्यांचा गहू भिजून काळा पडला. व्यापारी घेईना, म्हणून त्यांनी तो आम्हाला स्वस्तात दिला. तेव्हापासून मक्याचा भरडा बंद करून गहू चालू केला. एका गाईला रोज ४ किलो गहू (गिरणीतून दळून), २ किलो सरकी पेंड, २ किलो गोळी पेंड, २० किलो मक्याचा मुरघास आणि किलोभर कडबा. कडबा फार महाग झालाय. खुराक दोन्ही धारांना निम्मा निम्मा. आटवणीचा काळ सोडला तर गाई सरासरी १५ लिटरवर असतात, आताही आहेत. पण दुधाचं फॅट ३.७ वरून ३.० वर आलंय. शेण पातळ आहे आणि एक गाय मागच्या पायाने लंगडतेय. दुकानातून खायचा सोडा, यीस्ट, टॉक्सिन बाइंडर, लिव्हर टॉनिक आणि बायपास फॅट आणलं. महिन्याला साडेपाच हजार त्यातच जातात. सासूबाई म्हणतात, गहू गरम पडलाय. यातलं नक्की काय चालू ठेवलं तर फॅट परत येईल? आणि एक विचारायचं होतं. दीर लग्नासाठी घोडी ठेवतात. गाईंच्या गव्हाणीतलं उरलेलं तिला टाकलं तर चालतं ना?

— एक ताई, सिन्नर तालुका

ताई, सासूबाईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. पुड्यांचा हिशोब करू, पण आधी गव्हाचा करू, कारण त्या पाचही पुड्या गव्हाच्या मागोमाग तुमच्या घरात आल्यात. आणि घोडीचं उत्तर शेवटी आहे, ते वाचल्याशिवाय आज संध्याकाळी तिच्यापुढे काही टाकू नका.

गाय खाते ते आधी कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात जातं. मोठ्या गाईचं कोठीपोट दीडशे लिटरच्या आसपास असतं आणि पचनाचं निम्म्याहून जास्त काम तिथले जिवाणू करतात. त्यातले काही कडबा, घास, काड अशा तंतुमय चाऱ्यावर जगतात. काही धान्यातल्या पिष्टावर जगतात. चारा पचवणारे नाजूक असतात. कोठीपोटाचा सामू (पीएच; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ६.२ ते ६.८ असला की ते खुशीत काम करतात, ६ च्या खाली गेला की मंदावतात. पिष्टावाले त्यांच्या उलट. पिष्ट मिळालं की झपाट्याने वाढतात आणि वाढता वाढता आम्ल सोडतात. रोज काही तास सामू ५.६ च्या खाली राहायला लागला की गाय वरून बरी दिसते, खाते, दूधही देते, पण फॅट उतरतं, शेण पातळ होतं, खूर दुखायला लागतात. तुमच्या पत्रात या तिन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. आम्ही याला सुप्त ॲसिडोसिस म्हणतो.

फॅटच का उतरतं, तेही सांगतो. दुधातलं साधारण निम्मं फॅट कासेतच तयार होतं आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल, म्हणजे ॲसिटेट, चारा पचवणारे जिवाणू पुरवतात. ते मंदावले की माल कमी पडतो. त्यात भर म्हणजे आम्ल वाढल्यावर पेंडीतल्या तेलावर कोठीपोटात होणारी प्रक्रिया वाट बदलते. त्यातून असं एक स्निग्धाम्ल तयार होतं जे कासेत पोचून फॅट बनवण्याचं कामच दाबून टाकतं. म्हणून दूध १५ लिटरच राहतं आणि फॅट मात्र खाली येतं. दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्यामुळे हा फटका दुधाच्या पगारपत्रकात लगेच दिसतो.

आता धान्याकडे. सगळी धान्यं पोटात एका वेगाने पचत नाहीत. गहू आणि जव सगळ्यात वेगवान. गव्हातलं बहुतेक सगळं पिष्ट कोठीपोटातच फुटून जातं. मका त्याच्या मागे, ज्वारी आणखी मागे, कारण मका-ज्वारीच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती प्रथिनांचं घट्ट वेष्टण असतं. जिवाणूंना ते आधी फोडावं लागतं. त्यातलं थोडं पिष्ट कोठीपोटातून न फुटता पुढे सरकतं आणि आतड्यात पचतं. म्हणजे ४ किलो मक्याच्या जागी ४ किलो गहू टाकणं ही बरोबरीची अदलाबदल नव्हतीच. वजन तेवढंच राहिलं, पण आम्ल तयार होण्याचा वेग वाढला.

आणि तो तुम्ही गिरणीतून दळून आणला. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकली तर कोणती आधी विरघळते, तसंच हे. दाणा जितका बारीक तितके जिवाणू त्याच्यावर लवकर तुटून पडतात. पोळीसाठी दळतो तसं गव्हाचं पीठ गाईला देऊच नये. ते ओलं झालं की तोंडात आणि पोटात चिकट गोळा होतं, गाय चावत नाही, नुसती गिळते. गहू द्यायचाच तर दाण्याचे दोन-चार तुकडे होतील इतपत भरडायचा. मक्याचं उलटं आहे. वाळलेला मका कडक असतो, तो जाड ठेवला तर बरेच दाणे शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून तो रव्यापर्यंत बारीक केलेला चांगला. ज्वारी, बाजरी त्याहून बारीक दाणे, तीही दळूनच. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं हे तुम्हाला सांगायला नको, आठवड्याचं एकदम दळून ठेवू नका. आपल्याकडे बहुतेक जण गहू बारीक आणि मका जाड देतात. बरोबर उलटं करायला हवं.

तिसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नसणार, कारण ती चाऱ्याच्या खात्यावर मांडली जाते. मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. कणसासकट केलेला मक्याचा मुरघास हा अर्धा चारा आणि अर्धं धान्य असतो. २० किलो मुरघासात पाणी वजा जाता साधारण साडेसहा किलो कोरडं खाद्य येतं आणि त्यात दोन किलोच्या आसपास पिष्ट असतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो मक्याइतकं. चांगला भरलेल्या कणसाचा मुरघास असेल तर हे असंच असतं. वरून ४ किलो गव्हातलं अडीच किलो पिष्ट आणि गोळी पेंडीतलं थोडं. सगळं मिळून तुमची गाय रोज पावणेपाच-पाच किलो पिष्ट खातेय. एकूण साडेचौदा-पंधरा किलो कोरड्या खाद्यात ते तेहतीस टक्के होतं. पंचवीसच्या आसपास ठेवावं लागतं. आणि दाताला काम देणारा खरा जाड चारा किती? किलोभर कडबा. मुरघासाची कुट्टी बारीक असते, त्यावर गाय फार रवंथ करत नाही.

तुम्ही कदाचित "अडीच लिटरला एक किलो खुराक, वर दीड-दोन किलो शरीरासाठी" या हिशोबाने ८ किलो काढले असतील. हिशोब जुना आणि चांगला आहे, पण तो वैरण म्हणजे कडबा आणि हिरवं गवत होतं तेव्हाचा आहे. मुरघास आल्यावर तो जसाच्या तसा चालवला की गाईच्या पोटात धान्य दोनदा जातं. सिन्नर, निफाड, येवल्याकडे मुरघासाच्या बॅगा घरोघरी आल्या, खुराकाचा हिशोब मात्र कुणी बदलला नाही.

माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः दोन गोष्टी बघा. दुपारी, धार आणि खुराक यांपासून लांबच्या वेळेला, गाई बसलेल्या असताना गोठ्यात जा आणि न बोलता उभ्या राहा. सहापैकी निदान तीन गाई रवंथ करत असायला हव्यात. एखादीचं तोंड बघा. घास वर आला की ती तो किती वेळा चावते ते मोजा. पन्नास ते सत्तर वेळा चावून गिळत असेल तर ठीक. तीस-पस्तीसला गिळत असेल तर तिला चावायला काही मिळतच नाहीये.

दुसरं, पिठाची एक जुनी चाळणी गोठ्यासाठी काढा. दोन मुठी ताजं शेण तिच्यात घ्या आणि नळाखाली सावकाश धुवा. आधी हिरवट गढूळ पाणी जाईल, मग स्वच्छ यायला लागेल. चाळणीत जे उरेल ते तळहातावर पसरा. बारीक मऊ तंतू असतील तर पचन चांगलं चाललंय. बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या, मक्याचे अख्खे पिवळे दाणे, सरकीची टरफलं पुष्कळ दिसली तर खाद्य कोठीपोटात थांबत नाहीये, तसंच पुढे ढकललं जातंय. आणि पांढुरके बुळबुळीत पापुद्रे दिसले तर मागच्या आतड्यातही आम्ल पोचलंय, तिथलं अस्तर सुटतंय. तुमच्या पातळ शेणात हे तुकडे सापडतील अशी माझी अटकळ आहे. शेणात बुडबुडे दिसत असतील तर त्याचं कारणही हेच. चांगलं शेण पडलं की दोन-तीन बोटं जाडीचा थर बसतो आणि मध्ये खळगा पडतो.

तर खुराक असा करा. गहू आजपासून ४ चा २ किलो, चार दिवसांनी १ किलो, आणि तोही जाड भरडून. धान्य कमी करायला थांबायचं कारण नाही, वाढवताना मात्र दोन-तीन आठवडे घ्यायचे असतात. तेवढा वेळ जिवाणूंना जुळवून घ्यायला लागतो, आणि कोठीपोटाच्या अस्तराला त्याहूनही जास्त. पहिल्या आठवड्यानंतर १ किलो मक्याचा भरडा हळूहळू आणा. सरकी २ किलो राहू द्या. गोळी पेंड दीड किलो करा. मुरघास १८ किलो. कडबा एकाचा तीन किलो करा, आणि घास मिळत असेल तर ५ किलो हिरवा घास. यात पिष्ट तेवीस टक्क्यांवर येतं आणि १५ लिटरच्या गाईला लागणारी ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही भागतात. पहिले काही दिवस दूध अर्धा-एक लिटर उतरलं तर घाबरून गहू परत वाढवू नका. फॅट वर यायला दोन ते तीन आठवडे लागतात.

कडबा महाग, मान्य. पण पाहुण्यांकडून गहू आणला तसं गव्हाचं काड आणता आलं असतं, आणि ते बहुधा फुकट मिळालं असतं. हरभऱ्याचं भुसकट, सोयाबीनचं भुसकट, बाजरीचं सरमाड, मक्याचा वाळला चारा, काहीही चालेल. काड निकस वाटत असेल तर युरियाची प्रक्रिया करा. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून दाबायचं, ताडपत्रीने हवाबंद झाकायचं आणि २१ दिवसांनी उघडायचं. देण्याआधी काही तास हवेवर पसरलं की उग्र वास निघून जातो. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नका. आणि युरियाचं काड चालू असताना कच्चं सोयाबीन खुराकात नको. कच्च्या सोयाबीनमधलं एन्झाइम युरियाचा एकदम अमोनिया करतं.

चारा तीन ते पाच सेंटीमीटर कापून मुरघासातच मिसळा. लांब ठेवला तर गाय बाजूला सारते आणि मुरघासातले दाणे वेचून खाते, तशी ती हुशार असते. सकाळी उठल्यावर आधी हा चारा, मग खुराक, असा क्रम ठेवा. रात्रभर रिकाम्या पोटावर धारेच्या वेळी चार-चार किलो खुराक हा सगळ्यात वाईट क्रम आहे. एका वेळी दोन किलोच्या वर खुराक जायला नको. तुम्ही दोघी दिवसभर घरी आहात, तर तीन वेळा विभागणं जमेल.

आता पुड्या. दुकानदाराला मी नावं ठेवत नाही. तुम्ही फॅट मागितलं, त्याने कपाटातून फॅटचं जे होतं ते काढून दिलं. गव्हाण काही त्याने बघितली नव्हती.

सोडा खोटा नाही. तो आम्ल मारतो आणि सध्याच्या परिस्थितीत महिनाभर द्यायला माझी हरकत नाही. गाईला दिवसाला १५० ग्रॅम, दोन-तीन भागांत, खुराकात नीट मिसळून. सोबत ५० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर आणखी चांगलं. पण सोड्याचा खरा कारखाना गाईच्या तोंडात आहे. दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ ती गिळते आणि त्या लाळेत हाच सोडा असतो, ग्रॅमने नव्हे, किलोने. ही लाळ सुटते कधी? चावताना आणि रवंथ करताना. किलोभर कडब्यावर ठेवलेली गाय रवंथ करत नाही, म्हणजे तिचा किलोचा सोडा तुम्ही बंद केला आणि बदल्यात १५० ग्रॅमची पुडी विकत घेतली. दोन किलो जादा कडब्याची किंमत त्या पुडीसमोर मांडून बघा.

उन्हाळ्यात हे आणखी बिघडतं. एप्रिल-मेच्या दुपारी गाय धापा टाकते, लाळ तोंडातून बाहेर गळते, पोटात जात नाही. दुपारचा खुराक पूर्ण टाळा, तो पहाटे आणि रात्री उशिरा द्या, आणि पाणी दिवसभर पुढे राहू द्या. दावणीला बांधलेल्या गाईला दोन वेळा बादली दाखवून भागत नाही.

सोड्याबद्दल एक सावधगिरी. सहापैकी जी गाय आटवलेली (व्यायच्या आधी दूध बंद केलेली) असेल, तिला व्यायच्या आधीचे तीन आठवडे सोडा देऊ नका. त्यातल्या सोडियमने रक्ताचा समतोल अशा बाजूला झुकतो की व्याल्यावर हाडातलं कॅल्शियम वेळेवर बाहेर येत नाही आणि दुग्धज्वराची शक्यता वाढते. एकाच घमेल्यात सगळ्यांचा खुराक कालवायची सवय असेल तर तिचा वेगळा काढा.

यीस्टबद्दल माझं मत बरं आहे. जिवंत यीस्ट कोठीपोटातला उरलासुरला ऑक्सिजन खातं, चारा पचवणाऱ्या जिवाणूंना आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देतं. पण त्याला पचवायला चारा लागतो. गव्हाच्या पिठावर बसून ते काही करू शकत नाही. पाकीट बघा. जिवंत पेशींची संख्या आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका. पत्र्याच्या गोठ्यात मे महिन्यात खिडकीत ठेवलेलं यीस्ट मेलेलंच समजा, घरात थंड जागी ठेवा, आणि गरम पाण्यात कालवू नका. माझा सल्ला, आत्ता बंद करा. आधी खुराक बदलून फॅट कुठे येतं ते बघा. मग महिनाभर यीस्ट देऊन संकलन केंद्राच्या पावत्या शेजारी ठेवा. पैसे निघत असतील तर चालू ठेवा, नाहीतर नाही.

टॉक्सिन बाइंडर. पाचातली ही एकच पुडी तुमच्या गव्हाशी खरोखर जुळते. बाइंडरने पचन सुधारत नाही आणि फॅटही वाढत नाही. पण भिजलेल्या धान्यावर बुरशी आली असेल तर तिचं विष पोटातच पकडून ठेवायला त्याची मदत होते, बेंटोनाइटसारखी माती ते काम अफ्लाटॉक्सिनबाबत बऱ्यापैकी करते. गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि त्या दुधातला कप तुमच्या घरातही पोचतो. म्हणून गहू चालू असेपर्यंत बाइंडर राहू द्या. त्याआधी मात्र गहू अंगणात पातळ पसरून कडक वाळवा, दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत. नुसता रंग काळवंडला असेल तर चालेल. कुबट वास, गोळे धरलेले दाणे, हिरवी-काळी पावडर दिसली तर तेवढा भाग उकिरड्यात. कोंबड्यांनाही नको, त्यांना ते विष गाईपेक्षा लवकर बाधतं. मक्याचंही हेच. परतीच्या पावसात सापडलेली कणसं ढीग करून ठेवली की आतून तापतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लासलगाव-येवल्याच्या बाजारात ओला मका स्वस्त मिळतो तेव्हा हे आठवा.

लिव्हर टॉनिक बंद.

बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात न फुटता पुढे जाणारं फॅट, नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दुधाच्या, अंगावरून उतरत चाललेल्या गाईसाठी असतं. १५ लिटरला तुमच्या गाईंना त्याची गरज नाही. दुकानदार म्हणतो तसं त्याने रीडिंग थोडं वर येईलही, पण आतलं आम्ल तसंच राहील आणि खूर दुखतच राहतील. बायपास फॅट परवडत नाही म्हणून कोणी साधं खाद्यतेल पाजायला सांगेल, तेही करू नका. मोकळं तेल चाऱ्याच्या जिवाणूंना दडपतं. घोटी-इगतपुरीकडचे वाचक भाताच्या गिरणीतला ताजा कोंडा घमेल्याने देतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. त्या कोंड्यात तेल फार असतं, किलोभरावर जाऊ नका. तेल काढलेला कोंडा वेगळा, त्याला हा दोष नाही.

या सगळ्यात एका गोष्टीचा तुमच्या पत्रात पत्ताच नाही. खनिज मिश्रण आणि मीठ. गहू आणि मका दोन्हींत कॅल्शियम नगण्य असतं. पाच पुड्यांतल्या तीन बंद झाल्यावर त्याच पैशातून आयएस १६६४ हा मानक क्रमांक छापलेलं खनिज मिश्रण आणा आणि गाईला रोज ५० ते १०० ग्रॅम द्या, सोबत ३० ग्रॅम साधं मीठ.

लंगडणाऱ्या गाईचा खूर हात लावून बघा. दुसऱ्या खुरापेक्षा गरम लागला तर आतला मऊ थर सुजलाय. तिला डॉक्टरांना दाखवा, खूर साळून घ्यावे लागतील, आणि बसायला मऊ कोरडी जागा द्या. खुराचं नुकसान फॅटइतकं लवकर भरून येत नाही. आजचा बिघाड पुढचे काही महिने खुराच्या वाढीत दिसत राहील.

स्वस्त मिळालं म्हणून पोटात ढकललं, हे आपल्या जिल्ह्यात गव्हापुरतं नाही. गारपिटीनंतर निफाड-दिंडोरीत द्राक्षं गाईंपुढे ओतली जातात. द्राक्षातली साखर गव्हाच्या पिठापेक्षाही वेगाने आंबते. किलो-दोन किलोच्या पुढे नको, आणि रिकाम्या पोटी मुळीच नको. कांद्याचे भाव पडले की चाळीतला सडका कांदा गोठ्यात येतो. कांद्याने तर वेगळंच होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळपट होते, गाय अशक्त होऊन बसते. पोळ्याला बैलाला पोटभर पुरणपोळी खाऊ घालणारे प्रेमानेच घालतात, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बैलाच्या पोटात नळी घालत असतो. नैवेद्यापुरतं भरवा, बाकीचं घरात खा.

गव्हाची पोती कुठे ठेवलीत ते लिहिलं नाहीत. गोठ्याला लागून असतील तर आजच हलवा. रात्री दावं सोडवून एखादी गाय पोत्यात तोंड घालून बसली तर प्रकरण जिवावर जातं. खाल्ल्यावर पहिले काही तास ती ठणठणीत दिसेल, फसू नका. मग ती चारा सोडते, पोट गच्च होतं, आंबट वासाची पातळ हगवण लागते, डोळे खोल जातात, आणि दीड दिवसात ती उठेनाशी होते. काय आणि किती खाल्लं एवढं सांगून लगेच डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा. तोवर पुढे फक्त वाळला चारा ठेवा. तेल, ताक, गूळपाणी काही पाजू नका. झोपलेल्या गाईच्या तोंडात बाटली ओतली तर ते फुप्फुसात जायचा धोका असतो.

आता घोडी. गव्हाणीतलं उरलेलं तिला टाकणं आजपासून बंद. एक कारण साधं आहे, घोड्याचं पोट वेगळं असतं. त्याला कोठीपोट नाही, त्याचा चारा मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो, आणि गव्हाचं पीठ तिथे पोचलं की पोटदुखी आणि खुरांची सूज दोन्ही उठतात. दुसरं कारण जास्त गंभीर. काही खाद्यांत आणि प्रीमिक्समध्ये (खाद्यात मिसळायच्या तयार पुड्यांत) मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईच्या कोठीपोटातले ठरावीक जिवाणू दाबून ते ऊर्जा वाचवतं, ठरलेल्या मात्रेत गाय ते पचवते. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र गाय पचवते तेवढ्या मात्रेनेही निकामी होऊ शकतात, आणि त्यावर उतारा नाही. कोंबड्यांच्या खाद्यातही मोनेन्सिन किंवा त्याच जातीचं सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. तुमच्या गोळी पेंडीच्या पोत्यावरची आणि दुकानातून आणलेल्या प्रत्येक पाकिटावरची बारीक छपाई दिरांना वाचायला लावा. यातलं एकही नाव सापडलं तर घोडीची बादली, टोपली, चारा ठेवायची जागा सगळं वेगळं करा, आणि गोठ्यातल्या कुत्र्यालाही त्या पोत्यापासून लांब ठेवा. नाव सापडलं नाही तरी तिला गवत आणि तिचा स्वतःचा खुराक द्या. घोडीने नुकतंच काही खाल्लं असेल आणि तिला घाम सुटलाय, मागचे पाय लटपटतायत असं दिसलं, तर तिला चालवत बसू नका, जागेवर शांत उभी ठेवा आणि पोतं हातात घेऊनच डॉक्टरांना फोन लावा.